परदेशी संकेतस्थळावरच्या रंगीत लेन्स: रंग उत्तम, जबाबदारी कोणाची?

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स परदेशातून थेट घरपोच पाठवणाऱ्या संकेतस्थळांच्या जाहिराती सध्या मोबाइलवर सतत दिसतात, आणि लग्नसराई जवळ आली की त्यांचा जोर आणखी वाढतो. त्यांपैकी पूर्व आशियातून माल पाठवणाऱ्या एका संकेतस्थळावरून मी करड्या रंगाच्या लेन्सची जोडी मागवली आणि ती डोळ्यांत घालण्याआधी माझ्या नेहमीच्या ऑप्टोमेट्रिस्टबाईंकडून, म्हणजे डोळे तपासून नंबर व लेन्स ठरवून देणाऱ्या तज्ज्ञांकडून, तपासून घेतली. मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून नंबरच्या साध्या, पारदर्शक लेन्स वापरते. त्यामुळे लेन्स हाताळण्याची भीती किंवा नवलाई मला नाही. हे परीक्षण त्या जोडीचे आहे, पण त्याहून अधिक ती ज्या पद्धतीने विकली जाते त्या पद्धतीचे आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण मला ज्या उणिवा दिसल्या त्या अशा अनेक दुकानांच्या व्यवहारात मुळातच असतात.

मागणी नोंदवणे अतिशय सोपे होते, आणि माझा पहिला आक्षेप नेमका या सोपेपणाला आहे. रंग निवडा, नंबर निवडा, पत्ता द्या, पैसे भरा, एवढेच. नंबरच्या यादीत शून्यापासून उणे दहापर्यंतचे सगळे पर्याय होते आणि मी त्यातला कोणताही निवडला असता तरी चालले असते. डोळ्यांच्या तपासणीचा कागद मागितला गेला नाही, यापूर्वी कधी लेन्स वापरल्या आहेत का हे विचारले गेले नाही, डोळे कोरडे पडतात का, एखादी ॲलर्जी आहे का, हेही नाही. दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळा नंबर निवडण्याची सोय होती, पण ती शोधावी लागली. ब्लाउज शिवायला टाकताना शिंपी याहून जास्त मापे घेतो.

पार्सल व्यवस्थित आले. कस्टमच्या चिठ्ठीवर वस्तूचे वर्णन मात्र ‘फॅशन ॲक्सेसरी’ असे होते. आत रबरी बूच आणि ॲल्युमिनियमचे झाकण असलेल्या दोन छोट्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत एक लेन्स, आणि सोबत गुलाबी रंगाची लेन्सची डबी. बाटलीवर कोरियन व इंग्रजी भाषांत बारीक मजकूर होता: नंबर, व्यास, बेस कर्व्ह, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम मुदत. एवढे असणे ही जमेची बाजू आहे, कारण बॅच क्रमांक आणि मुदत नसलेल्या लेन्सही बाजारात फिरतात. भारतातील आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात परवाना क्रमांक मात्र कुठेही नव्हता.

आता मापांविषयी. संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत १३.८ मिलिमीटर असा आकडा होता, आणि बाटलीवर व्यास १४.५ मिलिमीटर होता. विक्रेत्याने यात खोटे काही लिहिले नव्हते. पहिला आकडा छापलेल्या रंगाच्या वर्तुळाचा, म्हणजे या धंद्यात ज्याला ग्राफिक डायमीटर म्हणतात त्याचा. दुसरा प्रत्यक्ष लेन्सचा. डोळे किती मोठे दिसतील हे पहिल्या आकड्यावरून कळते, आणि लेन्स डोळ्यावर कशी बसेल याच्याशी संबंध दुसऱ्याचा असतो. जाहिरातीत पहिला ठळक आणि दुसरा तळटीपेत, ही मांडणी विक्रेत्याचे लक्ष कुठे आहे ते सांगते. बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक, ८.६ होता. बहुतेक सॉफ्ट लेन्स याच्याच आसपास असतात, म्हणून ‘सर्वांना चालतो’ असे विक्रेते सांगतात. पुष्कळांना तो चालतोही. पण कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कोणाचा अधिक बाकदार असतो, कोणाचा अधिक सपाट, आणि लेन्स प्रत्यक्ष डोळ्यावर बसवून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिल्याशिवाय ती नीट हलते की नाही हे कळत नाही. प्रत्येक वेळी पापणी मिटली की सॉफ्ट लेन्स किंचित सरकायला हवी. तेव्हाच तिच्याखालचे अश्रू बदलतात आणि अडकलेला कचरा बाहेर पडतो. जी लेन्स घट्ट बसते ती पहिल्या दिवशी कदाचित अधिक आरामदायक वाटेल, कारण ती हलत नाही. तिचा त्रास पुढे सुरू होतो. म्हणजे ‘घातल्यावर टोचत नाही’ हा ग्राहकाचा नेहमीचा निकष येथे फसवा ठरतो.

हे सगळे इतके काटेकोर का, याचे कारण कॉर्नियाच्या रचनेत आहे. बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी त्याला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. लेन्स म्हणजे या वाटेवरचा अडथळा. तो किती मोठा, हे लेन्सच्या पदार्थावर आणि जाडीवर ठरते. माझ्या जोडीच्या माहितीत ‘हेमा, पाणी ३८ टक्के’ असे लिहिले होते. हेमा म्हणजे पाणी शोषून मऊ होणारे एक प्लास्टिक. हा पदार्थ विषारी नाही, बनावट नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली सॉफ्ट लेन्स याच जातीच्या पदार्थाची होती. पण त्यातून ऑक्सिजन कमी जातो, आणि तेव्हापासून सिलिकॉन हायड्रोजेलसारखे पुष्कळ अधिक ऑक्सिजन जाऊ देणारे पदार्थ आले आहेत. जुना पदार्थ, मोठा व्यास आणि वर रंगाचा थर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की अशी लेन्स दिवसाचे बारा-चौदा तास घालणे योग्य नाही. संकेतस्थळावर मात्र ‘दिवसभर आराम’ असे वाक्य होते.

रंगाविषयी मला सर्वाधिक शंका होती. चांगल्या लेन्समध्ये रंगद्रव्य पदार्थाच्या थरांमध्ये बंदिस्त केलेले असते. हलक्या दर्जाच्या लेन्समध्ये ते पृष्ठभागावर छापलेले असते. पृष्ठभागावरचा रंग खडबडीत असतो, तेथे जिवाणू सहज चिकटतात, आणि रंगाचा थर डोळ्याच्या बाजूला असेल तर तो कॉर्नियावर घासतो. ऑप्टोमेट्रिस्टबाईंनी ओल्या कापसाच्या बोळ्याने लेन्सच्या दोन्ही बाजू चोळून पाहिल्या. रंग सुटला नाही. मोठ्या भिंगाखाली कडाही स्वच्छ दिसल्या, कुठे चीर नव्हती. हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे, कारण परदेशातून आलेली प्रत्येक लेन्स कचरा असते असा समज पसरवणे मला मान्य नाही. तरीही बाईंनी ती माझ्या डोळ्यात बसवून पाहायला नकार दिला. निर्जंतुकीकरण कोणी केले, कसे केले, हे बूच आणि झाकण पाहून समजत नाही. पुढे काही झाले तर कोणाकडे बोट दाखवायचे हेही समजत नाही. मला हा नकार योग्य वाटला.

त्यानंतर मी विक्रेत्याला पत्र लिहून तीन साधे प्रश्न विचारले: कारखान्याचा पूर्ण पत्ता कोणता, भारतात या लेन्सचा नोंदणीकृत आयातदार कोण, आणि माझ्या डोळ्यांना ८.६ चा बाक चालेल हे कशावरून. उत्तर लवकर आले आणि अतिशय गोड भाषेत आले. लेन्स शंभर टक्के सुरक्षित आहेत, एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, मान्यता आहे, सोबत प्रमाणपत्र जोडले आहे. प्रमाणपत्रावर गरुड, सोनेरी शिक्का, सही, सगळे होते. पण अमेरिकेची एफडीए कारखान्यांची नोंदणी करते आणि अशा नोंदणीचे प्रमाणपत्र कोणालाही देत नाही; ही सुबक कागदपत्रे खासगी संस्था बनवून देतात. शिवाय नोंदणी वेगळी आणि विशिष्ट लेन्सला विक्रीची मान्यता वेगळी. नोंदणी म्हणजे कारखान्याने आपले नाव यादीत लिहिले, इतकेच. युरोपातल्या विक्रीसाठी लागणाऱ्या सीई या चिन्हाचेही तसेच आहे: लेन्ससारख्या वस्तूवर त्या चिन्हाखाली तपासणाऱ्या संस्थेचा चार आकडी क्रमांक असायला हवा, नुसती दोन अक्षरे कोणीही छापू शकते. तिन्ही प्रश्न अनुत्तरित राहिले. दुसऱ्या पत्राला उत्तर म्हणून पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन आले.

या व्यवहारातली सर्वांत विचित्र गोष्ट परदेशांतले लेन्सविषयीचे कायदे वाचल्यावर लक्षात येते. ज्या दक्षिण कोरियाच्या नावावर या लेन्सची जाहिरात होते, तेथे २०१२ पासून कॉन्टॅक्ट लेन्स ऑनलाइन विकायला मनाई आहे. तेथील तरुणी त्या चष्म्याच्या दुकानात जाऊन घेतात. जपानने २००९ च्या नोव्हेंबरपासून नंबर नसलेल्या रंगीत लेन्सनाही नंबरच्या लेन्सइतक्याच कडक वैद्यकीय नियमांखाली आणले. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने सर्व कॉन्टॅक्ट लेन्स, हॅलोविनच्या सणाला सोंगासाठी घालायच्या मांजरडोळ्यांच्या लेन्ससकट, वैद्यकीय उपकरणे ठरल्या आणि डॉक्टरी चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री बेकायदा आहे. न्यू जर्सीतला भाचा येताना घेऊन येईल, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. त्या भाच्याला तेथे सरळ मार्गाने त्या मिळायच्या असतील तर त्याच्याच डोळ्यांची तपासणी आणि त्याच्याच नावाची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी ताब्यात नसेल तर विक्रेत्याला ती देणाऱ्याकडून तपासून घ्यावी लागते. ब्रिटनमध्येही शून्य नंबरच्या लेन्स नोंदणीकृत व्यावसायिकाच्या देखरेखीखालीच विकता येतात. म्हणजे स्वतःच्या देशातील ग्राहकाला ज्या रीतीने लेन्स देता येत नाही, त्या रीतीने ती आपल्याला पाठवली जाते.

भारतात कायदा नाही असेही नाही. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, आणि एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. परवान्याची सक्ती पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यानुसार आयात केलेल्या उपकरणाच्या वेष्टनावर आयात परवाना क्रमांक, आयातदाराचे नाव व पत्ता आणि ते प्रत्यक्ष जेथे तयार झाले त्या जागेचा उल्लेख आवश्यक आहे. स्वतःच्या वापरासाठी थोड्या प्रमाणात मागवायचे असेल तर त्यासाठीही परवानगीची वेगळी तरतूद आहे. ‘फॅशन ॲक्सेसरी’ या दोन शब्दांनी हे सारे ओलांडले जाते. टपालातल्या प्रत्येक पाकिटाची उलटतपासणी कोणी करू शकत नाही, आणि विक्रेत्यांना हे पुरते ठाऊक आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. लेन्स परदेशात बनलेली असणे हा दोष नाही. आपल्या चष्म्याच्या दुकानात मिळणाऱ्या नामांकित लेन्सही बहुतांशी बाहेरच बनतात. आयर्लंडमधील लिमरिक आणि वॉटरफर्ड येथे जगातील मोठे लेन्स कारखाने आहेत. फरक असा की त्या लेन्स आणि माझा डोळा यांच्यामध्ये परवानाधारक आयातदार, दुकानदार आणि तपासणारी व्यक्ती अशी नावपत्ता असलेली माणसे उभी असतात. तुलनेसाठी मी नंतर त्याच ऑप्टोमेट्रिस्टबाईंकडून रंगीत लेन्स बसवून घेतल्या. आधी कॉर्नियाचा बाक यंत्राने मोजला, पापण्या उलटून पाहिल्या, अश्रूंचा थर तपासला, मग चाचणीची लेन्स घालून बाहेर बसायला सांगितले. वीसेक मिनिटांनी ती किती हलते ते पाहिले. पहिल्या लेन्सची हालचाल कमी वाटली म्हणून दुसरी घातली. पहिली आणि दुसरी मला सारख्याच वाटल्या होत्या! आरशापुढे बसून मी स्वतः हा निर्णय कधीच घेऊ शकले नसते. रंगाची निवड मात्र येथे फारच तोकडी आहे: करडा, मध, हिरवा, निळा, आणि संपले. संकेतस्थळावरच्या करड्या रंगाच्या इतक्या छटा पाहिल्यावर हे खटकते, आणि तरुण मुली तिकडे का वळतात हेही समजते.

किंमतीचा हिशेबही दिसतो तितका सरळ नाही. परदेशी जोडी ‘वर्षभर टिकणारी’ म्हणून विकली जाते, आणि महिन्याच्या लेन्सपुढे ती अर्थातच स्वस्त भासते. पण ते वर्ष बाटली उघडल्या दिवसापासून मोजायचे असते, किती वेळा घातली त्यावरून नाही. लग्न, साखरपुडा, संगीत अशा मोजक्या प्रसंगीच घालणाऱ्या मुली ती दोन-तीन वर्षे ठेवतात. मधल्या काळात लेन्स डबीतल्या त्याच जुन्या सोल्युशनमध्ये पडून राहते, आणि त्या सोल्युशनची जंतू मारण्याची ताकद केव्हाच संपलेली असते. प्रसंगापुरत्या घालायच्या असतील तर एकदा वापरून फेकायच्या डेली लेन्स हा सरळ पर्याय आहे. डबी नको, सोल्युशन नको, आणि वर्षाकाठी खर्चही फारसा वाढत नाही.

देशी बाजार निर्दोष आहे असे मी मुळीच म्हणत नाही. शून्य नंबरच्या लेन्स कोणतीही तपासणी न करता काउंटरवरून देणारी दुकाने पुण्या-मुंबईत पावलोपावली आहेत. नवरीच्या मेकअपच्या पॅकेजमध्ये ‘लेन्ससह’ असे लिहिलेले असते, तेव्हा ती लेन्स सीलबंद आहे की मागच्या मुहूर्ताच्या नवरीच्या डोळ्यातून निघालेली, हे विचारायला घरच्यांनी मुळीच संकोचू नये. एका डोळ्यातली लेन्स दुसऱ्याच्या डोळ्यात जाणे हे तर परदेशी पार्सलपेक्षाही वाईट. भारतीय ऑनलाइन बाजारपेठांवरही बिननावाच्या आयातदाराच्या लेन्स दिसतात. तेथेही वेष्टनावरचा परवाना क्रमांक हीच पहिली पाहण्याची गोष्ट.

वापरण्यातला एक धोका मात्र रंगीत लेन्स कितीही चांगल्या असल्या तरी राहतो, आणि त्याचा उल्लेख संकेतस्थळावर कुठेही नव्हता. रंगाच्या छपाईत मध्ये पारदर्शक वर्तुळ सोडलेले असते. अंधारात बाहुली त्याहून मोठी होते आणि रंगाची कड नजरेच्या आड येते. दिव्यांभोवती वलये दिसतात, कडेचे धूसर होते. रात्रीच्या रिसेप्शनहून स्वतः गाडी चालवत येणाऱ्यांनी त्या आधी काढून ठेवाव्यात.

संसर्गाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात केवळ शोभेसाठी लेन्स घालणाऱ्यांमध्ये कॉर्नियाच्या जंतुसंसर्गाचा धोका नंबरसाठी घालणाऱ्यांच्या तुलनेत सोळा पटींहून अधिक आढळला होता. यात लेन्सच्या दर्जाइतकाच वाटा शिकवणीच्या अभावाचा असावा, असे मला वाटते. नंबरची लेन्स घेणाऱ्याला कोणीतरी बसवून शिकवते: हात साबणाने धुवा आणि कोरडे करा, डबीतले सोल्युशन रोज बदला, नळाचे पाणी लेन्सला लावू नका, लेन्स घालून झोपू नका, पोहू नका. पार्सलमध्ये शिकवणी येत नाही. माझ्या बाटल्यांसोबत एका इमोजीवाल्या कार्डावर चार चित्रे होती, त्यातल्या एकात नळ काढलेला होता, आणि तो हात धुण्यासाठी की लेन्स धुण्यासाठी हे कळत नव्हते. नळाच्या आणि टाकीच्या पाण्यात अकांथामिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा संसर्ग महिनोन्‌महिने चालतो आणि त्यावरचे उपचार अतिशय कष्टाचे असतात. स्यूडोमोनास हा जिवाणू याच्या उलट घाईचा: एकदोन दिवसांत कॉर्नियावर खोल जखम करतो. ती भरली तरी बुबुळावर फूल पडते, आणि ते मध्यभागी असेल तर नजर अधू होते. काहींना नेत्ररोपणापर्यंत जावे लागते.

ज्यांच्याकडे अशा लेन्स आधीपासून आहेत, त्यांनी बाटली किंवा वेष्टन फेकू नये. ते आणि लेन्स घेऊन ऑप्टोमेट्रिस्टकडे जावे आणि त्या मापाची लेन्स आपल्या डोळ्याला चालते का, हे तपासून घ्यावे. बहुतेक वेळा उत्तर नवीन लेन्स घ्या असेच मिळेल, आणि ते दुकानदारीसाठीच असते असे नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागले किंवा चिपडे येऊ लागली, तर लेन्स तत्काळ काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. ‘डोळे आले असतील’ म्हणून मेडिकलमधून थेंब आणून घालू नयेत. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते, त्याने लाली कमी होते आणि आतला संसर्ग वाढत राहतो. काढलेली लेन्स आणि डबी, आतल्या सोल्युशनसह, सोबत न्यावी, कारण त्यांतूनही जंतू वाढवून तपासता येतात आणि औषध निवडायला मदत होते. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेण्यासाठी भारतात २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, आणि तेथे रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो; त्यासाठी लागणारा बॅच क्रमांक त्या छोट्या बाटलीवरच असतो.